सगुणाक्का आणि नांदुर्कीवरचं मोहोळ

बसा मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनीही जरा टेका. पुढं यायला लाजू नका, मी काही शाळामास्तर नाही प्रश्न विचारायला. म्हणजे — विचारणार आहे. पण एकच.

हे सगळं देवानं केलं, असं आपण म्हणतो ना? मुंगीपासून हत्तीपर्यंत? मग मला असा एक जीव दाखवा, जो त्यानं उगाच केला. जो नसता तर बरं झालं असतं.

डास! त्या कोपऱ्यातून लगेच आलं बघा. साप. ढेकूण. इकडं एक माउली म्हणतायत, शेजारीण. माउली, शेजारणीला यादीत घेता येणार नाही. तिनंही मघाशी तुमचंच नाव सांगितलंय!

हसलात, बरं झालं. पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

आज मी अभंग घेतला नाही. गळा बसलाय. सात दिवसांतलं हे सहावं गाव, गाणं होणार नाही. सांगणं होईल. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले तरी चालतील. तर ऐका. ह्या प्रश्नाचं उत्तर एका बाईनं एकदा चारचौघांत दिलं होतं. नवऱ्याच्या तेराव्याला, पानं वाढलेली असताना ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, मधमाशी. आणि सबंध गावानं ते उत्तर मान्य केलं. पुढं काय झालं, ते मला तिनंच सांगितलं, तिच्या ओसरीवर बसून. जसं ऐकलं तसं सांगतो.

भोरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात धावरवाडी म्हणून गाव. साठ-सत्तर उंबरे. त्या गावातली ही सगुणाक्का कोंढाळकर. अंगानं बारीक, बोलायला सरळ, कामाला वाघीण. नवरा गेनबा. मूलबाळ एकच, मुलगा, तो पुण्यात कंपनीत. सून उज्ज्वला मात्र गावातच, सासूच्या हाताखाली. ओढ्याकाठी दीड एकराचा तुकडा, त्यात दर उन्हाळ्याला डांगर. लाल भोपळा हो, तुम्ही काय म्हणता ते म्हणा. धावरवाडीचं डांगर म्हणजे पंचक्रोशीत नाव! साल तांबूस, गर पिठाळ, माळ्यावर ठेवलं तर दिवाळीपर्यंत टिकायचं.

गेनबाची दुसरी ओळख म्हणजे आचारी. भैरोबाची जत्रा चैत्रात. त्या दिवशीच्या महाप्रसादाची आमटी गेनबाच्या हातची. चारशे पान. दरवर्षी चूल मांडायची शाळेपुढच्या उघड्या पटांगणात. चैत्रातलं ऊन, वर आभाळ, खाली जाळ! गेनबाला मागल्या वर्षी तिथंच भोवळ आली होती. म्हणून ह्या वर्षी आदल्या दिवशी सगुणाक्का त्याला म्हणाली, की चूल देवळामागं नांदुर्कीखाली मांडा. गार सावली आहे. तुमच्यानं आता ऊन सोसत नाही.

तो म्हणाला, वर मोहळं आहेत.

होतीच. नांदुर्कीचं झाड केवढं, तर चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही. त्याच्या वरच्या फांद्यांना आग्या मोहोळाची नऊ पोळी लोंबायची, सुपाएवढाली. पिढ्यान् पिढ्या. खालून माणसं जायची, गुरं बसायची, पोरं खेळायची. कुणाला कधी काही झालं नव्हतं. सगुणाक्का म्हणाली, त्या काय आजच्या आहेत का? मांडा चूल.

आणि त्यानं मांडली. मंडळी, बायकोनं मायेनं सांगितलेलं कोण मोडतं? हे बोलणं दोघांचंच, घरातलं. तिसऱ्याला ठाऊक नाही. हे ध्यानात असू द्या.

सकाळी दहाच्या सुमाराला आमटीला उकळी आली. लाकडं ओली होती. धूर सरळ वर गेला. पुढचं मी लांबवत नाही, आग्या उठलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. आभाळ काळं होतं आणि ते आभाळ खाली येतं. माणसं देवळात शिरली, ओढ्यात पडली. गेनबानं सगुणाक्काला दंडाला धरून गाभाऱ्यात ढकललं आणि दार लावून घेतलं, बाहेरून. तो परत चुलीकडं गेला. का गेला? लाकडं ओढायला. त्याला कळलं होतं, धूर थांबल्याशिवाय हे थांबायचं नाही. त्यानं तीन ओंडके ओढून काढले, पाण्याची घागर ओतली. धूर थांबला. बाकी सगळी माणसं वाचली. गेनबाला दवाखान्यात नेईपर्यंत जीपमध्येच त्याचा श्वास थांबला.

तेराव्याला गाव जमलं. पानं वाढली गेली. आणि मग ती उभी राहिली. डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली, "मला कुणाकडून काही नको. त्या झाडावर एक पोळं दिसता कामा नये. गावात एक माशी दिसता कामा नये."

अशा वेळी नाही कोण म्हणेल? गेनबाचा धाकटा भाऊ म्हस्कू, थोरल्या भावावर जीव टाकणारा गडी, तो ताटावरून तसाच उठला. त्याच दिवशी, दिवस मावळताना, बांबूच्या टोकाला पलिते बांधून माणसं झाडावर चढली. कुणी फवारणीचा पंप आणला. नऊच्या नऊ पोळी खाली आली. दुसऱ्या दिवशी झाडाखाली मेलेल्या माश्यांचा थर, पायाखाली कुरकुर वाजत होता.

एकच माणूस आडवा आला होता. ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतला बारकू वाघमारे, जन्मभर मध काढणारा. मोहोळ काढताना निम्मं पोळं तसंच ठेवणारा. तो तिला म्हणाला होता, आक्का, माशी आपणहून नाही आली. धूर वर गेला. चूल तिथं कुणी मांडली? त्यानं साधं विचारलं हो, त्याला काय ठाऊक? पण सगुणाक्कानं त्याला दारातून हाकलून दिलं. पुन्हा ह्या घराची पायरी चढू नको म्हणाली.

का हाकललं? तुम्हाला कळलंय. तिलाही कळत होतं. पण कळलेलं आत दाबायला बाहेर काहीतरी पेटवावं लागतं. आपण नाही पेटवत?

पुढल्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी म्हस्कूनं पुन्हा पलिते बांधले. भावाची आठवण म्हणून. लोक त्याला 'गेनबाचा दिवस' म्हणू लागले. पण गंमत बघा — कसली गंमत म्हणा — नांदुर्कीवर पोळं नव्हतंच. आग्या परत आलाच नव्हता. आता जाळायला तर काहीतरी हवं! मग भिंतीच्या कपारीतली सातेरी माशी शोधली. गरीब माशी ती, अंधाऱ्या पोकळीत घर करणारी. ती जाळली. तिसऱ्या वर्षी करवंदीच्या जाळीतली बोटभर फुलोरी, जी धड चावतही नाही, तीही जाळली. झाडांच्या ढोल्यांत औषध ओतलं. तिथं घुबड होतं, पोपट होते, सरडे होते. त्यांचं काय झालं, कुणी पाहिलं नाही. त्यांच्यावर राग नव्हता, मंडळी. ते नुसते मध्ये आले.

दरवर्षी म्हस्कू हातातला नारळ आधी वहिनीपुढं धरायचा. ती त्याला हात लावायची, मग तो फुटायचा.

चौथ्या वर्षी डांगराचे वेल असे आले, की बघत राहावं. पानं सुपासारखी, फुलं पिवळीधमक. नर फूल नुसतं दांडीवर, आणि मादी फुलाच्या बुडाशी कळीएवढं हिरवं डांगर, जन्माला आल्यापासूनच. सगुणाक्का रोज बघायची. चार दिवसांनी ते चिमुकलं डांगर पिवळं पडायचं, बुडाशी मऊ व्हायचं आणि गळून जायचं. आज दहा, उद्या तीस. तिनं राख टाकली. शेणकाला दिला. बी बदललं. भैरोबाला कौल लावला. दीड एकरात त्या वर्षी अकरा डांगरं धरली, तीही वाकडी, एका अंगानं फुगलेली.

गावात दुसऱ्यांचंही तेच. काकडी नाही. दोडका नाही. चिंचेला आकडे नाहीत. डोंगरात जांभळं फुलली, पण धरली नाहीत, आणि भुकेली वानरं वाडीत उतरून कौलं फोडू लागली. लोक म्हणाले, हवा बदलली. म्हणायला काय जातं?

उज्ज्वलेचा एक चुलतभाऊ शेतकी शाळेत शिकवणारा. तो पाहुणा म्हणून आला, शेतात गेला, तासभर एका फुलापाशी उकिडवा बसला. परत येऊन त्यानं एवढंच विचारलं, की इथं माशी कुठं आहे? ह्या फुलाचा पराग त्या फुलात कोण नेतं?

मग तो म्हणाला, आता तुम्हालाच न्यावा लागेल.

आणि तेव्हापासून सुरू झालं. ऐका, म्हणजे काय काम ते कळेल. डांगराचं फूल उजाडायच्या आत उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. एकाच दिवसाचं फूल. तेवढ्या दोन-तीन तासांत नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागं सोलायच्या, आतला पिवळा दांडा मोकळा करायचा, आणि वाकून मादी फुलाच्या पोटात तो हलक्या हातानं फिरवायचा. जोरात फिरवला तर फूल दुखावतं. मग पुढचं. मग पुढचं. दोघींत दिवसाला दीडशे-दोनशे फुलं. वेल जमिनीवर, म्हणून कमरेत मोडून. असे चाळीस दिवस. एक दिवस चुकला तर त्या दिवसाची फुलं गेली. ताप आला तरी चुकवायचं नाही. सुतक असलं तरी नाही.

डांगरं धरली हो. शपथेवर सांगतो, धरली. पण पूर्वी ह्या वेळेला सगुणाक्का घरात चुलीपुढं बसून चहा पीत असे, आणि शेतातलं हे काम हजारभर जीव करून जात, न बोलावता, न थकता. आता ती माशी झाली होती. साठीला आलेली, गुडघे धरलेली माशी.

ह्या कामाच्या दुसऱ्या वर्षी तिचा उजवा हात गेला. म्हणजे तुटला नाही. मनगटात मुंग्या येऊ लागल्या, बोटं वळेनात, हातातून भांडं पडायला लागलं. डॉक्टरनं पट्टा दिला, विश्रांती घ्या म्हणाला. ती डाव्या हातानं फुलं करू लागली. एका सकाळी उज्ज्वला बांधावर मटकन बसली. पोर तशी सोशिक, पण त्या दिवशी म्हणाली, "आत्या, मी जन्मभर हे नाही करू शकत. आणि माझ्यामागं कोण करणार?"

सगुणाक्कानं हातातलं फूल खाली ठेवलं. मला सांगताना म्हणाली, बुवा, मी त्या दिवशी इतकी दमले होते, की खोटं वागायलाही अंगात त्राण नव्हतं.

ती उठली आणि ओढा ओलांडून कातकरी वाडीत गेली. सहा वर्षांनी.

बारकू झोपडीपुढं मासे धरायचं जाळं शिवत बसला होता. म्हातारा झाला होता. त्यानं वर पाहिलं आणि बसायला पोतं टाकलं. एवढं सगळं होऊन पोतं टाकलं! आपण टाकलं असतं? ती बसली. मनगटाचा पट्टा दाखवला. म्हणाली, "बारकूदादा, कुठनं तरी एक पोळं आणून दे. म्हणशील ते देईन."

त्यानं सुई थांबवली. म्हणाला, "आणून काय करू, आक्का? चैतात परत जाळाल."

मग तोच पुढं म्हणाला, की तीन डोंगर पलीकडं, कड्याच्या फटीत सातेरीची दोन-तीन घरं आहेत. ती वाढली की दुसरं घर शोधायला निघतात. इकडं येतातही असतील. पण इकडं आलेलं वाचतं कुठं? "तुम्ही फकस्त जाळायचं थांबवा. मला आणावं लागायचं न्हाई."

तिनं विचारलं, आणि तो आग्या? नांदुर्कीवरचा?

बारकू म्हणाला, त्याचं मला सांगता येत नाही. माझ्या बापानं मला ते झाड दाखवलं होतं. त्याला त्याच्या बापानं. त्या माश्यांना वाट ठाऊक होती. वाट ठाऊक असलेलीच मेली, तर सांगणार कोण?

मंडळी, ह्या एका वाक्यापाशी मी दरवेळी अडखळतो. पोळं जळालं, तर वाटतं मेण जळालं. पण ह्या झाडाची पिढ्यान् पिढ्यांची ओळख जळाली, ती कुठल्या बाजारात मिळणार? पैसे टाकून मिळेल? नवस बोलून मिळेल?

चैत्र आला. गेनबाचा दिवस आला. दिवस कलायला लागला होता. नांदुर्कीखाली गाव जमलं. म्हस्कूच्या हातात पेटलेला पलिता, दुसऱ्या हातात नारळ. रिवाजाप्रमाणं त्यानं नारळ वहिनीपुढं धरला. तिनं हात लावला नाही.

म्हणाली, "भावजी, चूल इथं मांडायला मी सांगितलं होतं. ते नको म्हणत होते. वर मोहळं आहेत म्हणाले होते. मीच मांडायला लावली. माश्यांनी नाही मारलं त्यांना. धूर माझा होता."

बायका पदर तोंडाला लावून उभ्या. म्हस्कूच्या हातातल्या पलित्याचं तेल टपटप खाली गळत होतं. तो म्हणाला, "सहा वर्सं का गप्प बसलात, वहिनी?"

ती म्हणाली, "तुम्ही जाळत होता, तेवढं माझं झाकलं जात होतं."

म्हस्कूनं पलिता पाण्याच्या पिंपात बुडवला आणि निघून गेला. पुढं दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. एका ओसरीवर राहून. मी समेट केला वगैरे सांगणार नाही, मी काही केलं नाही. नंतर बोलू लागला, पण पूर्वीसारखं नाही. खरं बोललं की सगळं लगेच गोड होतं, असं कुठल्या बुवानं सांगितलं असेल, तर त्याला बिदागी देऊ नका.

गेनबाचा दिवस मात्र थांबला. ढोल्यांत औषध ओतणं थांबलं. ओढ्याकाठची झुडपं तोडायची नाहीत, असं ठरलं. तिनं स्वतः बांधाच्या कडेनं तुळस लावली, शेवगा लावला, तीळ फेकले. आणि माश्या आल्या? नाही आल्या. त्या वर्षी दोघी वाकून फुलं करत होत्या. पुढच्या वर्षीही. बारकू मधूनमधून बांधावर येऊन बसायचा. त्या वर्षीच्या थंडीत तो गेला. त्यानं काही पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी, चैत्रातच. सगुणाक्का एकटीच शेतात. उजाडलं होतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यातलं पहिलं फूल. तिनं डाव्या हातात नर फूल सोललं, वाकली, मादी फूल उघडलं — आणि थांबली.

आत पिवळी भुकटी पडलेली होती.

तिला वाटलं, काल आपणच केलं की काय? पण कालचं फूल आज कुठलं? शेजारचं पाहिलं. त्यातही भुकटी. तिसरं पाहिलं. कुणीतरी तिच्याआधी येऊन काम करून गेलं होतं. ती तशीच वाकलेली राहिली, आणि मग कानाला आलं. बारीक. आपल्याच कानातलं रक्त वाजतंय असं वाटावं, इतकं बारीक.

ती मला म्हणाली, बुवा, मी हातातलं फूल टाकलं आणि तिथंच मातीत बसले. इतक्या वर्षांत सकाळची पहिल्यांदा बसले. रडले नाही. नुसती बसले. उज्ज्वलेनं मला घटकाभरानं हाक मारली, तर मी बसल्याजागी झोपले होते.

किती फुलं होती ती, मंडळी? चौदा. दीड एकरात चौदा. उरलेली त्या दोघींनी हातानंच केली. आजही निम्मी हातानंच करतात. मी गेल्या वर्षी गेलो होतो, नांदुर्की तशीच उभी आहे. वरच्या फांद्या मोकळ्या. आग्या आलेला नाही. येईल की नाही, भैरोबालाही विचारून झालंय.

तर मी सुरुवातीला विचारलं, उगाच केलेला जीव कोणता. सगुणाक्काला मी हाच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, आता मला एवढंच कळतं बुवा, की कुणाचं काम काय आहे ते, तो गेल्यावर आपल्या अंगावर पडलं की कळतं. आणि अंगावर किती पडणार? आपल्याला हात दोनच.

आता तुमच्याकडं वळतो. रागवू नका, रागवायला मलाही शक्ती नाही.

आज दुपारी मी आलो, तेव्हा तुमची मुलं मंडपाभोवती पंप घेऊन फवारत होती. मी विचारलं, तर म्हणाली, बुवांना कीर्तनात किड्यांचा त्रास नको. माझ्यासाठी केलंत. मायेनं केलंत. ती चूलही मायेनंच मांडली होती.

जरा वर बघा. माझ्या डोक्यावरचा तो दिवा बघा. सांजेपासून तो जळतोय, मंडप चारी बाजूंनी उघडा, पलीकडं शेतं आहेत. आणि त्या दिव्याभोवती एक पाखरू नाही. मी तरुणपणी उभा राहायचो, तेव्हा गॅसबत्तीखाली पाखरांचा ढीग पडायचा. तोंडात जायची, पागोट्यात बसायची. विणेकरी उपरण्यानं झटकून दमायचा आणि मी वैतागायचो. कीर्तनात किडे नसावेत, असं मला फार वाटायचं.

ऐकलं त्यानं.

आता नाव घेऊ देवाचं आणि थांबू. टाळ उचला. पण हळू वाजवा, आणि नाव घेताना डोळे मिटू नका. त्या दिव्याकडं बघत राहा. एखादं पाखरू आलं, तर हाकलू नका, मला खूण करा. मी नाव घ्यायचं थांबवीन. आपण सगळे मिळून त्याला बघू.